"भिया, एवढी पेटी टाकून घ्या ना": ट्रकचालकाचे उपकार आणि त्यांची जबाबदारी

इंदूरच्या लोहा मंडी, ट्रान्सपोर्ट नगर, देवास नाका किंवा जवळच्या पीथमपूरहून संध्याकाळी मुंबई-पुण्याकडे सुटणाऱ्या ट्रकमध्ये बिल्टीवरचाच (वाहतूकदाराच्या मालपावतीवरचाच) माल असतो, असं कागद सांगतात. प्रत्यक्षात सीटमागे काकूंनी पुण्याच्या लेकीसाठी दिलेला पापड-कुरडयांचा डबा असतो, केबिनमध्ये मानपूरपर्यंत सोडायचा कोणीतरी असतो, आणि माल उतरवायच्या ठिकाणी मुनीम "जरा हात लाव" म्हणाला तर तेही होतं. परतीला एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या, गणपतीआधी पेणची एखादी मूर्ती. इंदूरच्या मराठी घरांचा महाराष्ट्राशी असा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

तो बंद करा, असं मला म्हणायचं नाही. पण "हो" चालक म्हणतो आणि भरपाई बहुतेक वेळा दुसऱ्याच्या खिशातून जाते: गाडीमालकाच्या, विमा कंपनीच्या, कधी ज्याचा माल गाडीत भरला आहे त्या व्यापाऱ्याच्या. म्हणून नियम साधा ठेवा. ज्याच्या खिशाला झळ बसणार त्याचा होकार आधी घ्यायचा, आणि तो लेखी घ्यायचा. खालच्या पायऱ्या एक-दोन गाड्यांच्या मालकांसाठी आणि चालकांसाठी आहेत. गाडीवाल्याला गळ घालणाऱ्या नातेवाइकांनीही वाचाव्यात, कारण निम्मी चूक त्यांच्याच आग्रहाची असते.

पहिली पायरी: "मी सांगितलं नव्हतं" यावर विसंबू नका

बऱ्याच मालकांना वाटतं की चालकाने परस्पर केलेल्या गोष्टीशी आपला संबंध नाही. न्यायालय असं पाहत नाही. चालकाचं कृत्य नोकरीच्या ओघात घडलं का, हा प्रश्न विचारला जातो आणि "ओघ" बराच रुंद धरला जातो. नागपूरहून पांढुर्ण्याला निघालेल्या एका कंपनीच्या गाडीत व्यवस्थापकाने एका गृहस्थाला सोबत घेतलं, गाडी झाडावर आदळली आणि ते गृहस्थ गेले. ही घटना १९६० ची. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये कंपनीला जबाबदार धरलं: गाडी कंपनीच्या कामानेच चालली होती, वाटेत कोणाला बसवलं म्हणून ते काम सुटत नाही. याउलट १९६६ च्या एका निकालात टॅक्सीचालकाने मालकाला न विचारता गाडी दुसऱ्याला परवान्याच्या चाचणीसाठी दिली होती. तिथे मालक सुटला, कारण त्या फेरीचा मालकाच्या धंद्याशी काही संबंध नव्हता.

थोडक्यात, तुमचा ट्रक तुमच्या भाड्यावर, ठरलेल्या रस्त्याने चालला असेल आणि त्यात चालकाने कोणाला बसवलं, तर तोंडी मनाई फारशी कामाला येत नाही. लेखी मनाई निदान चालकाला थांबवते. नेमणुकीच्या वेळी एका पानावर पाच-सहा ओळी हिंदीत लिहून सही घ्या: ओळखीची असो वा अनोळखी, सवारी (प्रवासी) नाही, बिल्टीशिवाय माल नाही, स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती नाही, गोदामात यंत्र चालवायचं नाही, आणि शंका आली तर आधी फोन. फोन केल्यावर ओरडा खावा लागत असेल तर चालक पुन्हा फोन करणार नाही, हेही मालकाने लक्षात ठेवावं.

दुसरी पायरी: पॉलिसी उघडून वाचा

गाडी सुटण्याआधी नव्हे, नूतनीकरणाच्या वेळी. एजंटला तीन गोष्टी विचारा. चालक-क्लिनरसाठीचा जादा हप्ता भरला आहे का (आयएमटी २८; आयएमटी म्हणजे मोटार पॉलिसीला जोडायच्या कलमांचे क्रमांक). माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कामगारांसाठीचा भरला आहे का (आयएमटी ३९). आणि भाडं न देणाऱ्या प्रवाशांसाठीचं कलम घेतलं आहे का (आयएमटी ३७). हे शेवटचं प्रवासाशी थेट संबंध असलेल्या माणसांसाठी आहे. हायवेवर हात दाखवणारा अनोळखी माणूस त्यात बसेल असं गृहीत धरू नका. आरसीवर केबिनमध्ये किती जणांची जागा लिहिली आहे तेही त्याच बैठकीत पाहून घ्या.

तिसरी पायरी: सवारीला नाही म्हणायला शिका

सगळ्यात महाग उपकार हाच. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर सक्तीने येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या आशा रानी निकालात स्पष्ट केलं. मोटार वाहन कायद्यात १९९४ मध्ये सुधारणा झाली, पण तिच्यामुळे फक्त मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी आत आला. तोही मालासोबत, केबिनमध्ये बसून जाणारा. मालावर, ताडपत्रीवर बसलेला माणूस मालाचा मालक असला तरी वाद उभा राहतो.

मग जखमीला पैसे कोण देतं? कित्येक प्रकरणांत न्यायालय विमा कंपनीला सांगतं की आधी पीडिताला भरपाई द्या आणि मग ती गाडीमालकाकडून वसूल करा. २००४ पासूनच्या निकालांत हा मार्ग वारंवार दिसतो. ऐकायला बरं वाटतं, पण मालकासाठी याचा अर्थ असा की काही लाखांची वसुली घेऊन विमा कंपनीच त्याच्या दारात येते. कमावत्या माणसाच्या मृत्यूची भरपाई उत्पन्न, वय आणि अवलंबितांवरून काढतात, त्यामुळे मानपूरपर्यंतची "जरा सोडा ना" एक ट्रक विकूनही फिटत नाही.

सवारीकडून पन्नास-शंभर रुपये घेतले तर प्रकरण आणखी बिघडतं. मालवाहू गाडी प्रवासी गाडीसारखी वापरली म्हणून परवान्याच्या अटींचा भंग होतो, आणि त्यासाठी १०,००० रुपये दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. बऱ्याच चालकांना वाटतं पैसे घेतले नाहीत म्हणजे आपण सुरक्षित. विम्याच्या बाजूने पाहिलं तर फुकट आणि पैसे देऊन, दोन्ही सवाऱ्या बाहेरच.

घरातलं माणूस असेल तर? मालकाचा भाचा, चालकाची बायको आणि मूल, सेंधव्यापर्यंत जाणारा मामेभाऊ. नातं असलं म्हणून विम्याचं उत्तर बदलत नाही. बिजासन घाटातून जाणाऱ्या बसचं तिकीट काढून द्या. त्याहून स्वस्त उपाय मला ठाऊक नाही. खरोखर मालासोबत माणूस जाणं गरजेचं असेल, म्हणजे घरसामान हलवताना सोबत जाणारा घरमालक किंवा यंत्र बसवायला निघालेला मिस्त्री, तर बिल्टीवर "मालासोबत प्रतिनिधी" म्हणून त्याचं नाव लिहा आणि त्याला केबिनमध्येच बसवा.

नकार कसा द्यायचा, इथेही बरेच जण अडतात. ढाब्यावरच्या ओळखीच्या माणसाला "सेठ नाही म्हणतात" हे पुरतं. गाडीत कॅमेरा आणि जीपीएस आहे हे खरं असेल तर तेही सांगा. चालकाला आपण वाईट ठरू नये असं वाटतं, त्यामुळे दोष मालकावर ढकलायची मुभा त्याला मालकानेच द्यावी.

चौथी पायरी: पार्सल घ्यायचं तर त्याला बिल्टी द्या

सवारीला मी सरळ नाही म्हणतो, पार्सलबाबत माझं मत जरा सैल आहे. मात्र रीत पाळून.

पेटी देणाऱ्याच्या समोर उघडा. पापड असतील तर पापड दिसतील. "आमच्यावर विश्वास नाही का?" असं कोणी म्हणालं तर सांगा की रस्त्यात पोलीस विचारतील तेव्हा उत्तर मलाच द्यायचं आहे. आतल्या वस्तूंचा फोटो, देणाऱ्याचं ओळखपत्र, घेणाऱ्याचा फोन नंबर. हे सगळं मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि उत्तरात "घे" आल्याशिवाय पेटी गाडीत नाही. मजकूर एवढाच: "सेठ, स्नेहनगरच्या काकूंचा डबा, आत पापड-कुरडया, पुण्यात लेकीला द्यायचा, फोटो पाठवला, घेऊ का?"

त्यानंतर बिल्टी. इथे लोक हसतात, डब्याला कसली बिल्टी. पण बिल्टीचे दोन फायदे आहेत. एक, तपासणीत तो डबा चोरटा माल ठरत नाही. दुसरा, रस्ते वाहतुकीचा २००७ चा कायदा आणि त्याचे २०११ चे नियम यांनुसार नोंदणीकृत वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित असते, जास्त किमतीची जोखीम वेगळी ठरवली नसेल तर. २०० रुपये भाडं लिहून डबा नेला आणि तो हरवला, तर हिशेब २,००० रुपयांशी थांबतो. बिल्टी नसेल तर तो चालक आणि काकूंमधला व्यवहार उरतो, आणि डब्यात सोन्याच्या पाटल्या होत्या असं नंतर कोणी म्हणालं तर चालकाकडे दाखवायला काहीच नसतं. पाटल्या आणि रोकड कोणाच्याही सांगण्यावरून घेऊ नका, हे ओघाने आलंच.

जीएसटीचं गणित वेगळं. ५०,००० रुपयांहून जास्त किमतीच्या मालाला ई-वे बिल (मालासोबतचा ऑनलाइन काढलेला कागद) लागतं. वापरलेलं घरगुती सामान त्यातून वगळलं आहे, पण दुकानदाराने "भाच्याला द्या" म्हणून दिलेले नव्या साड्यांचे गठ्ठे घरगुती सामान होत नाहीत. कागदाविना माल सापडला की तो आणि गाडी, दोन्ही अडकतात. मालाचा मालक पुढे आला तर देय कराच्या २०० टक्के दंड. तो पुढे न आला तर मालाच्या किमतीचा निम्मा किंवा कराच्या २०० टक्के, यातला जो जास्त असेल तो. वाहतूकदाराला गाडी सोडवायची तर हा दंड किंवा १ लाख रुपये, यातली कमी असेल ती रक्कम भरावी लागते. तोवर बिल्टीवरचा, नियमाने चाललेला माल उभा राहतो आणि त्या व्यापाऱ्याचा ओरडा वेगळा. मध्यप्रदेशात १ जुलै २०२४ पासून परिवहन खात्याचे तपासनाके बंद झाले, तेव्हापासून "आता कोण बघतं" असं ऐकू येतं. जीएसटीची फिरती पथकं आणि पोलीस नाकाबंदी आहेतच.

आता काही वस्तू, ज्यांना बिल्टीही वाचवत नाही. मंदसौर-नीमचकडून आलेली बंद पोती किंवा पिशवी अनोळखी माणसाने दिली तर हातही लावू नका. अफूचं परवानाधारक पीक त्या पट्ट्यात होतं, आणि डोडाचुरा (अफूच्या सुक्या बोंडांचा चुरा) पोत्यांतून फिरतो. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात ५० किलोहून जास्त डोडाचुरा किंवा अडीच किलोहून जास्त अफू ही व्यावसायिक मात्रा आहे: १० ते २० वर्षं सक्तमजुरी आणि १ ते २ लाख दंड. त्याहून वाईट म्हणजे "मला माहीत नव्हतं" हे सिद्ध करायचं ओझं आरोपीवर येतं. गाडी जप्तीतून सोडवायला मालकालाही दाखवावं लागतं की त्याला, त्याच्या माणसाला किंवा गाडी ज्याच्या ताब्यात होती त्याला काही कल्पना नव्हती आणि प्रत्येकाने पुरेशी काळजी घेतली होती. पेटी उघडून काढलेला फोटो इथे खरा उपयोगी पडतो.

दाहोदकडे जाणाऱ्या गाड्यांना दारूची मागणी ठरलेली. गुजरात स्थापनेपासून दारूबंदीचं राज्य आहे, आणि मित्रासाठी नेलेल्या दोन बाटल्यांपायीही चालकावर गुन्हा दाखल होतो आणि ट्रक ठाण्याच्या आवारात उभा राहतो. फटाके, भरलेला गॅस सिलेंडर, टाकीत पेट्रोल असलेली दुचाकी हेही नाही. दुचाकी न्यायचीच असेल तर टाकी रिकामी, आरसीची प्रत सोबत आणि वेगळी बिल्टी.

पाचवी पायरी: गोदामाच्या दारात थांबा

चालकाचं काम गाडी लावणं, ताडपत्री सोडणं, फाळका उघडणं आणि कागद देणं. पोती उचलणं हमालांचं काम आहे, आणि पीथमपूरच्या एखाद्या कारखान्यात हमाल कमी असले तरी ते बदलत नाही. चालकाने मदत केली तर दोन गोष्टी होतात. त्याचा पाय मोडला तर दुखापत नोकरीच्या ओघात झाली का हा वाद सुरू होतो. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून कसोटी तीच आहे. मालक म्हणतो मी उचलायला सांगितलं नव्हतं, कारखाना म्हणतो आमचा माणूस नाही. दुसरी गोष्ट जास्त वेळा घडते: चालकाने मालाला हात लावला की कमी भरलेल्या नगांचा दोष त्याच्यावर ढकलणं सोपं होतं. मालाच्या अफरातफरीचा गुन्हा वाहतूकदारावर किंवा त्याच्या माणसावर लागला तर सात वर्षांपर्यंतची कैद आहे, त्यामुळे हा शब्द हलका समजू नये.

म्हणून गाडी उघडण्याआधी सीलचा फोटो. मोजणी चालकासमोर झाली नसेल तर पोचपावतीवर तसं लिहूनच सही: "सील शाबूत, नग माझ्यासमोर मोजले नाहीत." मुनीम कुरकुर करील. करू द्या.

फोर्कलिफ्टला हात नाही, कारखान्याची दुसरी गाडी मागे-पुढे करणं नाही. आवारात काही घडलं की ती जागा विम्याच्या भाषेत "सार्वजनिक ठिकाण" होती का, यावरूनच भांडण सुरू होतं. उतरवणाऱ्याची खरोखर अडचण असेल तर चालकाने मालकाला फोन लावावा आणि मालकाने पार्टीकडून हमालीचे जादा पैसे व लेखी मागणी घ्यावी. आणि भरताना "दोन टन जास्त टाका, पुढचं भाडंही तुम्हालाच" हा व्यापाऱ्याचा लाडही उपकारच. दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००.

सहावी पायरी: रस्त्यात अडकलेल्या गाडीला मदत

क्लिनरला सरावासाठी स्टिअरिंग देणं हा चालकाने क्लिनरवर केलेला उपकार, पण परवाना नसलेल्याला चालवू दिलं म्हणून ५,००० रुपये दंड किंवा तीन महिने कैद गाडीच्या मालकाला किंवा ताबेदाराला होऊ शकते. शिकायचं असेल तर रिकामी गाडी, शिकाऊ परवाना आणि बंद मैदान.

बंद पडलेली गाडी ओढून नेण्याबाबत व्यावसायिक पॉलिसीत सहसा सवलत असते: एकच नादुरुस्त गाडी, आणि पैसे न घेता. पण ओढल्या जाणाऱ्या गाडीचं आणि त्यातल्या मालाचं नुकसान त्यात धरलेलं नाही. धामनोदच्या गणपती घाटासारख्या उतारावर दोराने गाडी ओढणं हा निव्वळ वेडेपणा आहे. मागच्या गाडीचं इंजिन बंद असलं की तिच्या ब्रेकचा भरवसा राहत नाही. तिथे क्रेनच.

बॅटरी उतरलेल्या कारला ट्रकवरून जोड द्यायची विनंती ढाब्यांवर नेहमीची. ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची, कारची १२ व्होल्टची. वायरी लावल्या की कारचं इलेक्ट्रॉनिक्स जळण्याची शक्यता मोठी, आणि बिल उपकार करणाऱ्याच्या नावे निघतं. नाही म्हणा, मेकॅनिकचा नंबर द्या.

जखमी माणसासाठी कोणालाच विचारू नका

वरच्या सगळ्या पायऱ्यांना हा एक अपवाद. रस्त्यात अपघात दिसला, तुमच्या गाडीचा त्यात हात नाही, तर मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ संरक्षण देतं. ते २०१९ मध्ये आलं. त्याआधी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक सूचना मान्य केल्या होत्या आणि नियम २०२० मध्ये निघाले. चांगल्या हेतूने केलेल्या मदतीत चूक झाली तरी दिवाणी-फौजदारी जबाबदारी नाही, नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचं की नाही ते तुमच्या मर्जीवर. २०२५ पासून जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार मिळू शकतात, आणि गंभीर जखमीला वेळेत पोचवणाऱ्याला राहवीर योजनेत २५,००० रुपयांचं बक्षीस आहे.

आधी ११२, १०८ किंवा हायवेचा १०३३ लावा. मानेला-पाठीला मार असेल आणि रुग्णवाहिका जवळ असेल तर उंच केबिनमध्ये ओढून चढवू नका. रात्री एकट्या जागी संशय आला तर गाडी टोलनाक्याजवळ उभी करून तिथून फोन केला तरी मदतच होते.

तुमचीच गाडी अपघातात असेल तर मात्र कलम १३४ लागतं: जखमीला उपचार मिळवून देणं, आणि पोलीस जागेवर नसतील तर जवळच्या ठाण्यात २४ तासांच्या आत कळवणं. जमाव चाल करून येत असेल तर जागा सोडायला कायदा वाव देतो, पण मग थेट ठाण्यातच जायचं. जानेवारी २०२४ चा चालकांचा संप भारतीय न्याय संहितेच्या ज्या १०६(२) कलमावरून (अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला जास्त शिक्षा) झाला, ते १ जुलैला बाकीची संहिता लागू होताना बाजूला ठेवलं गेलं. निष्काळजीपणाने मृत्यूचं १०६(१), पाच वर्षांपर्यंत कैदेचं, लागू आहे.

सातवी पायरी: उपकार अंगाशी आलाच तर

मालकाला फोन, पोलिसांत नोंद, विमा कंपनीला त्याच दिवशी कळवणं, या क्रमाने. गाडी, रस्ता, सील, केबिन यांचे फोटो जागेवरच.

यानंतर सल्ला देणारे जमतात आणि ठरलेली युक्ती सुचवतात: "बसलेल्या माणसाला क्लिनर म्हणून लिहा" किंवा "मालाचा मालक म्हणा". करू नका. विमा कंपनीचा तपासनीस बिल्टी, हजेरी, टोलचे कॅमेरे आणि जखमीच्या घरच्यांचं म्हणणं जुळवून पाहतो. खोटं सापडलं की सवारीची भरपाई तर बाहेर जातेच, शिवाय गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावाही धोक्यात येतो आणि फसवणुकीचं प्रकरण वेगळं. खरं सांगून "आधी द्या, मग वसूल करा" या वाटेने गेलेला मालक वसुलीच्या हप्त्यांसाठी निदान बोलू तरी शकतो.

माल हरवल्याची तक्रार आली तर पार्टीने नोटीस कधी दिली ते पाहा. रस्ते वाहतूक कायद्याप्रमाणे बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस हवी. तोवर बिल्टीची प्रत, पोच, सीलचे फोटो आणि "घेऊ का?"–"घे" हा संवाद जपून ठेवा. चालक नोकरी सोडून जाताना किंवा मोबाईल बदलताना ते सगळं आधी मालकाच्या फोनवर उतरवून घ्या.